पाठमोरा गाइड

सिएना शहरातल्या कोल्हा आळीत जन्मलेला माणूस बगळा आळीत पाऊल टाकत नाही. भांडण कशावरून, ते कुणालाच आठवत नाही आणि विचारणाऱ्याला सगळे वेड्यात काढतात. कोल्हा आळीचा रानिएरी तर गाइड. पर्यटकांना अख्खं शहर दाखवायचा, पण बगळा आळीच्या चर्चमधलं मरियमचं नावाजलेलं चित्र "दुरुस्तीला गेलंय" म्हणून गाळायचा. वर्षानुवर्षं ते बिचारं दुरुस्तीतच होतं.

शेवटी कुणीतरी तक्रार केली. कंपनीची मालकीण ओत्ताविया कडाडली, "आज ते चित्र दाखव, नाहीतर उद्यापासून घरी बस!"

नोकरी गेली तर खायचं काय, आणि तिथे गेलं तर आळीत तोंड कसं दाखवायचं? रानिएरीने डोकं लढवलं. गाइड तसेही उलटेच चालतात. आपण चित्राकडे पाठ करूनच आत शिरायचं. मग छातीवर हात ठेवून सांगता येईल, मी ते पाहिलंच नाही!

तसाच तो शिरला आणि पुस्तकातून पाठ केलेलं धडाधड म्हणू लागला. "तो निळा रंग बघा! आईच्या डोळ्यांतली माया बघा! बाळाच्या मुठीतला पक्षी बघा!"

मंडळी माना डोलावत होती. एका तरुणीने तोंड उघडलं, तर नवऱ्याने कोपर मारलं. "गप्प बस, अडाणी समजतील आपल्याला." सगळ्यांनी फोटो काढले. एका आजोबांनी तर डोळेही पुसले.

चर्च झाडणारी झेलिंदा मघापासून बघत होती. तिला राहवेना. "अरे रानिएरी, एकदा मागे वळून तरी बघ!"

"तुम्हा बगळ्यांचं चित्र? मेलो तरी बघणार नाही."

"कसलं चित्र रे मुडद्या? ते सोमवारीच दुरुस्तीला गेलं. या खेपेला खरंच!"

रानिएरी वळला. भिंतीवर एक फिकट चौकोन होता आणि एक खिळा.

पर्यटक मात्र बेहद्द खूश. दुपारी ओत्तावियाने फोन करून शाबासकी दिली. नोकरी वाचली.

संध्याकाळी कोल्हा आळीचं रस्त्यात टेबलं मांडून जेवण होतं. बातमी त्याच्या आधीच पोचली होती. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याच्या काकाने, नेल्लोने, प्रेमाने ताट वाढलं. खुर्ची तेवढी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"बस रे बाळा," नेल्लो म्हणाला. "आणि जेवता जेवता सांग आम्हाला, काय काय दिसतंय."