भरला गाडा

सोमशेखर सरांनी शिवाजी पेठेतल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि तीस वर्षं पोरांच्या डोक्यात एकच खिळा ठोकला: कवी नाव घेत नाही, खूण करतो. आता त्या खुणेनं काय दिवे लावले ते ऐका.

सरांकडं धुणंभांडी करणाऱ्या तानाबाईचा पोरगा आदर्श साखर कारखान्यात कामाला होता. गेल्या हंगामात ऊस वाहणाऱ्या पट्ट्यात सापडून गेला. पट्ट्याची जाळी महिनाभर मोडलेली होती, पण कारखान्यानं कागदावर लिहिलं, पोरगं प्यालेलं होतं. जन्मात सुपारीचं खांड न खाल्लेलं पोरगं!

"सर, तुमी कवी हाय," तानाबाई म्हणाली, "त्यो प्यालेला न्हवता, एवढं चार मानसांत म्हना. दुसरं कायबी नगं."

सरांनी कविता लिहिली. चांगली लिहिली, खोटं कशाला बोला! गावानं बकासुराला रोज अन्नाचा गाडा आणि एक माणूस धाडायचा, ती गोष्ट घेतली. पहिल्या खर्ड्यात बकासुर होता, मोडकी जाळी होती, आदर्शही होता. मग सरांना आठवलं, आपली लेक सुष्मिता कारखान्याचे चेअरमन उदयसिंह यांच्याच कॉलेजात शिकवते आणि अजून कायम झालेली नाही. एकेक नाव गळत गेलं. सूचकतेत जास्त ताकद असते, असं सर स्वतःलाच म्हणाले. भित्याला कारण लागतंच, शिकलेल्याला जरा भारी लागतं.

यंदा मोळीपूजनाला, म्हणजे हंगामाची पहिली उसाची मोळी टाकतात त्या कार्यक्रमाला, सरांना कविता म्हणायचं बोलावणं आलं. वाघाच्या गुहेत शिरून बोलणार म्हणून सरांची छाती फुगली. तानाबाईला त्यांनी मुद्दाम सोबत नेलं.

"भरला गाडा निघाला, वेशीबाहेर चालला;
घरटी एक माणूस त्यावर, गाडा रिकामा परतला."

"वा सर!" उदयसिंह उठूनच उभे राहिले. "शेतकऱ्याचा भरला गाडा, घरटी एक मानूस राबतोय! आपला कारखाना हुबेहूब उतरलाय की! गेटावर रंगवून घ्या रे ह्या वळी!"

टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला. माईक अजून सरांच्याच हातात होता, एक वाक्य पुरलं असतं. सरांनी दुसऱ्या रांगेतल्या सुष्मिताकडं बघितलं आणि म्हणाले, "धन्यवाद."

दुसऱ्या दिवशी तानाबाई नेहमीच्या वेळेला आली, भांडी घासून उपडी घातली. सर न विचारताच समजावायला लागले. "तानाबाई, गाड्यावरचा माणूस म्हणजे आपला आदर्श. आणि त्याला खाणारा..."

"कळलं हुतं की," पदराला हात पुसत ती म्हणाली. "बकासुराची गोष्ट आमास्नी बी ठावं हाय. त्यो प्यालेला न्हवता, एवढंच म्हना म्हनलंतं मी. लई साधं हुतं, सर."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पर गाडा काय आपोआप जात न्हाई," तानाबाई म्हणाली. "हाकायला गावातलाच कोनतरी लागतोय."

खुर्चीवर पडलेली शाल तिनं उचलली, झटकली, खुंटीला नीट अडकवली, आणि उद्यापासनं दुसरी बाई बघा म्हणून निघून गेली.