भिंतीकडून येणारा श्वास

तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना माणसांनी भरून गेला होता. भर दुपारी अंगाची लाही होत होती, तरी कोणी जागा सोडायला तयार नव्हतं. प्रत्येकाच्या हातात एक फोटो होता. कुणाच्या नवऱ्याचा, कुणाच्या बहिणीचा, कुणाच्या लेकराचा. वर श्वासबुवांच्या खोलीत मेलेलं माणूस येतं आणि त्याचा श्वास गालाला लागतो, असं बाजारभर पसरलं होतं.

"लागला हो मला," जिना उतरणारी एक बाई डोळे पुसत म्हणाली. "गार. अगदी ह्यांचाच."

पंख्यांचा मिस्त्री आपल्या मुलीबरोबर रांगेत उभा होता. त्याची बायको जाऊन अकरा महिने झाले होते. मुलगी शिवणकाम करायची, लहानपणापासून दमेकरी. इथं यायचा हट्ट तिचाच. "असलं काही नसतं गं," एवढं मिस्त्री म्हणाला होता, पण जोर लावून म्हणाला नव्हता. आतून त्यालाही यायचं होतं.

दारात चेल्यानं प्रत्येकाची चौकशी केली. काय करता, कोण गेलं, कशानं गेलं. मग वीस जणांना आत घेऊन त्यानं दार लावलं. खिडक्या आधीच बंद होत्या, वर जाड पडदे. मधोमध धूप जळत होता. समोरच्या भिंतीशी फळीवर सगळ्यांचे फोटो मांडले होते.

"वर बघा!" बुवा गरजले. "हूक आहे. पंखा आहे का? नाही! एसी? नाही! टेबलफॅन? अहो, टेबलच नाही!" लोक हसले. "मग आता वारा आला तर तो कुणाचा? कंपनीचा की कुटुंबाचा?"

"कुटुंबाचा!" लोक ओरडले.

"दुखणं कुणी आणलंय?" बुवांनी विचारलं. "औषधं टोपलीत टाका. आईचा श्वास आणि कारखान्याची फवारणी एका छातीत नांदत नाहीत."

टोपली फिरली. गोळ्यांची पाकिटं पडली, कानाचं यंत्र पडलं. मुलीनं पर्समधून दम्याचा पंप काढला.

"पोरी, तो राहू दे की जवळ."

"बाबा, अर्धवट नको ना करायला. आईला काय वाटेल?"

पंप टोपलीत गेला. चेले घुमल्यासारखे गुणगुणू लागले. आणि थोड्या वेळानं, त्या कोंदट खोलीत, समोरच्या भिंतीकडून मिस्त्रीच्या गालाला वारा लागला. गार, हलका. त्यानं सवयीनं भिंत न्याहाळली. सरळ, पक्की भिंत. ना भोक, ना जाळी. ज्या बाजूनं वारा त्या बाजूला पंखा, हे त्याचं आयुष्यभराचं गणित. इथं त्या बाजूला होता फक्त त्याच्या बायकोचा फोटो. त्याचे डोळे भरून आले.

अर्धा तास गेला असेल. वीस माणसं, बंद दारं, वर धूप. हवा चिकट झाली होती. शेजारून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. मिस्त्रीला तो आवाज तीस वर्षांच्या ओळखीचा होता. मुलगी पुढं वाकली होती, खांदे वर चढले होते.

"हिचा पंप द्या," तो म्हणाला.

चेल्यानं टोपली पोटाशी धरली. "मध्ये काही मागू नका. आई परत फिरेल."

"तिला धाप लागलीय, दिसत नाही का?"

"धाप नव्हे ती!" बुवा म्हणाले. "आई छातीत शिरतेय. जागा करून घेतेय."

मिस्त्री उठू लागला, तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत त्याच्या तोंडावर आला.

"बघा, बघा! बायको नवऱ्याला बसवतेय! घरीसुद्धा अशीच बसवत असेल!"

लोक हसले. मिस्त्री खाली बसला. अकरा महिन्यांत त्याला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं.

मुलीनं त्याचं मनगट धरलं. तिला बोलता येत नव्हतं. तिचे ओठ निळसर दिसू लागले. मिस्त्रीनं घाबरून नजर वर नेली, आणि त्याला धूर दिसला.

धूर सरळ वर चढत होता. छताजवळ पोचला की वळत होता, पण भलतीकडंच. वारा भिंतीकडून येत असेल तर धूर भिंतीपासून लांब जायला हवा. हा तर छताखालून भिंतीकडंच धावत होता. तिथं आपटून खाली येत होता, लोकांच्या तोंडावर. म्हणजे ढकलणारा मागं होता.

त्यानं मान वळवली. दारावर माळा होता, त्यावर वेताचा पडदा. बाकी पडदा स्वच्छ, मध्ये मात्र काळ्या धुळीचं ताटाएवढं गोल वर्तुळ. अशी धूळ त्यानं रोज ब्रशनं झाडली होती. हवा जिथून सतत जाते तिथंच ती बसते.

तो उठला. पुन्हा तोंडावर झोत आला.

"बसा मिस्त्री! ती रागावलीय!"

"रागावू दे."

चेल्याला त्यानं खांद्यानं बाजूला सारलं, टोपली हिसकावली, पंप मुलीच्या हातात दिला. "ताठ बस. ओढ. धर आत. आणखी एकदा." मग खिडकीचा पडदा ओढून काढला, तिची दोन्ही दारं उघडली, खोलीचंही दार सताड उघडलं. चेल्याचं स्टूल माळ्याखाली लावून त्यानं वेताचा पडदा फाडला.

आत एअर सर्क्युलेटर, म्हणजे खोलीतली हवा फिरवणारा पंखा होता. बुटका, गोल, तोंड छताकडं तिरकं केलेला. त्याची वायर गालिच्याखालून बुवांच्या आसनापर्यंत गेली होती. तिथं पायानं दाबायचं बटण होतं.

मिस्त्रीनं तो पंखा खाली उतरवला, खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला वायर बटणासकट ओढून घेऊन खिडकीजवळच्या प्लगला जोडली आणि बटण दाबून राहावं म्हणून त्यावर स्टुलाचा पाय ठेवला. धूर खिडकीकडं ओढला जाऊ लागला आणि दारातून जिन्यावरची हवा आत आली. काही मिनिटांनी मुलीची शिट्टी उतरली.

"यंत्र हे निमित्त असतं," बुवा सावरत म्हणाले. "आत्म्याला वाहन लागतं."

"मग तुमचं पाऊल कशाला लागतं?" मुलगी म्हणाली. धाप लागल्यापासूनचं तिचं ते पहिलं वाक्य.

कोपऱ्यातली एक म्हातारी उठली. तिच्या हातात तरुण मुलाचा फोटो होता. "मिस्त्रीदादा," ती हळूच म्हणाली, "तो पंखा परत वर ठेवा ना. मला कळलंय सगळं. तरी ठेवा."

मिस्त्रीनं पंखा खिडकीतून काढून तिच्यासमोर जमिनीवर ठेवला, तोंड भिंतीकडं केलं आणि पायाचं बटण तिच्या हातात दिलं. "आजी, तुम्हीच दाबा."

तिनं दाबलं. भिंतीवरून वारा आला, तिचे पांढरे केस हलले. सोडलं, थांबला. दाबलं, आला. असं तिनं पाच-सहा वेळा केलं. मग बटण खाली ठेवलं आणि फोटो पदराखाली घेतला.

"माझीही आली नव्हती, आजी," मिस्त्री म्हणाला. "मलाही ती हवी होती."

एका हातात पंखा घेऊन, दुसऱ्या हातानं मुलीला धरून तो दारात आला. जिन्यावरची माणसं माना उंचावून बघत होती. त्यानं पंखा सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हा घरात लावायचा साधा पंखा आहे. ह्याचा झोत अरुंद असतो, लांब जातो, भिंतीवर आपटून वळतो. म्हणून भलत्या बाजूनं वारा लागतो. खोली कोंदट असेल तर दार उघडा, ह्याचं तोंड खिडकीबाहेर करा, शिळी हवा निघून जाईल. बस, एवढंच ह्याला येतं. ह्यानं दमा जात नाही आणि गेलेलं माणूस येत नाही. आत टोपली आहे, आपापली औषधं उचला आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर जागेवरून उठा, मागं बघा, हात लावून बघा. उठू देत नसेल तर तिथंच काय ते समजा."

"तुमचा विश्वास नव्हता," जिन्यावरचा एक माणूस रागानं म्हणाला, "म्हणून तुम्हाला पंखा दिसला."

"होता," मिस्त्री म्हणाला. "म्हणून तर पोरीचे ओठ निळे पडेपर्यंत मी बसून राहिलो."