लवंगेची मात्रा

प्रयोगशाळेत बुरशी वाढवण्यात हयात गेल्यामुळे घरात तिचं नाव बुरशीताई पडलं होतं. तिला ते चालायचं. निदान एका विषयात तरी घरचे आपल्याला मानतात, अशी तिची समजूत होती.

त्यामुळे धाकट्या भावाने जेव्हा विचारलं, की कोंबड्यांच्या खाद्याचा मका दमट झालाय, बुरशी धरू नये म्हणून काय करू, तेव्हा तिला कोण आनंद झाला. लवंगेच्या तेलाने मक्यावरची बुरशी रोखायचा तिचा प्रयोग अजून अर्ध्यावर होता. तरी तिने तज्ज्ञाच्या थाटात सांगून टाकलं, "लवंगेचं तेल मार. थोडंसंच."

मात्रा लागू पडलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. बिनतेलाच्या बरणीत मक्यावर हिरवं रान माजलं होतं आणि तेलाच्या बरणीत जेमतेम चार पांढुरके ठिपके. मग रोज भावाला फोन. "खातात ना?" "मजेत खातात," तो म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत ती हे सगळ्यांना ऐकवायची, न विचारणाऱ्यांनासुद्धा.

राहिलं होतं फक्त बुरशीचं विष मोजायचं. नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, आधी विष मोजा, असं ती विद्यार्थ्यांना ओरडून सांगत असे. निकाल आला तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. हिरव्या रानापेक्षा तिच्या देखण्या बरणीत दुप्पट विष होतं. एवढ्याशा तेलाने बुरशी मेली नव्हती, नुसती डिवचली गेली होती.

तिने लगेच फोन लावला. "तो मका बंद कर. त्यात विष आहे. माझं चुकलं. कोंबड्या..." तिला पुढे विचारवेना.

"ठणठणीत आहेत," भाऊ म्हणाला. "तायडे, त्यांनी त्या मक्याला चोचच लावली नाही. लवंगेचा वास. पहिल्याच दिवशी मी पोती बाजूला काढली न् दुसरा मका आणला."

"मग रोज मजेत खातात म्हणायचास ते?"

"खातात की. दुसरा मका." तो जरा घुटमळला. "तू इतकी खूश होतीस गं. कसं सांगायचं?"

ती पोती खोल पुरून टाक, एवढं तिने कसंबसं सांगितलं आणि फोन ठेवला. तिला रडूही येत होतं आणि हसूही. कोंबड्यांपुढे तिची काही मात्रा चालली नव्हती, आणि त्याबद्दल एकेकीचे पाय धरावेत असं तिला वाटत होतं.