आधी दार लाव

पळीतलं पाणी थरथरत होतं. देवघरात वारा नव्हता. थरथर नचिकेतच्या बोटांत होती, ती आता मनगटापर्यंत चढली होती. मानेवर गार घाम आला. साखर उतरतेय, हे त्याला कळलं. बारावीपासून इन्शुलिन घेणाऱ्याला ते कुणी सांगावं लागत नाही.

"बाबा, साखर उतरून राहिली."

"आरती होऊ दे. मन घट्ट कर," घंटी न थांबवता विश्वंभरराव म्हणाले.

सोळा सोमवारांतला हा सातवा. कळमनुरीत हे व्रत लग्नाळू मुली धरतात. या घरातला नोकरी करणारा मुलगा ते कशासाठी धरतो, हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. दिवाळीत नचिकेतने सांगितलं होतं, की मला बायको नको, माझा जीव मुंजाजीवर आहे. मुंजाजी वसमतच्या मार्केट यार्डात हळदीची तोलाई करायचा. आई कितीतरी दिवस बोलली नाही. बाबांनी उपाय काढला: संध्याकाळच्या आरतीपर्यंत पाणीही न पिता सोळा सोमवार, आणि मग मुलगी बघायची.

उपासाला इन्शुलिन किती घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं. पण डॉक्टर घरोब्यातले. एवढा कडक उपास काहून, असं ते विचारणारच. म्हणून बाबांनीच अंदाजाने निम्मं ठरवलं, आणि आईचा चेहरा बघून नचिकेतनेही ते मुकाट मानलं. मुंजाजीने तिकडे दोघांसाठी खोली घेऊन ठेवली होती. 'तुझ्याकडे राहायला येतो, हे पुढच्या सोमवारी घरी सांगतो,' असं नचिकेत त्याला दर सोमवारी सांगायचा.

पळी हातातून सुटली. मग गालाला फरशी लागली.

"अगं बाई, लेकरू पडलं," आई म्हणाली.

"आधी दार लाव," बाबा म्हणाले.

शुद्ध पुरती गेली नव्हती. आई साखरेकडे न जाता दाराकडे गेली, हे त्याने पाहिलं. तिने कडी घातली, खिडकी ओढून घेतली आणि मग डबा उघडला.

"काय पडलं हो गंगूताई?" शेजारच्या शालूबाईंनी बाहेरून विचारलं. "डॉक्टरला बोलवू का?"

"न्हाई, न्हाई. तांब्या पडला," म्हणत आई त्याच्या हिरड्यांना साखर चोळत राहिली.

बऱ्याच वेळाने तो भिंतीला टेकून बसला.

"उद्या डॉक्टरला दाखवायचं का?" आईने हळूच विचारलं.

"आणि सांगशील काय? पोराला पोरी आवडत न्हाईत म्हणून उपाशी ठेवून राहिलो?" बाबा म्हणाले. "देवानं परीक्षा पाहिली. नऊच तर राहिले."

"मी मेलो असतो, तर लोकांना काय सांगितलं असतं?"

"तुला शुगर आहे, हे गावाला माहीतच आहे."

उत्तर इतकं पटकन आलं, की ते बाबांना स्वतःलाच ऐकवेना. ते समईची वात सारू लागले. आईने तोंडाला पदर लावला.

नचिकेतने देवापुढची चुरम्याची ताटली ओढली आणि घास तोंडात घातला.

"अरे, नैवेद्य दाखवायचाय अजून," बाबा म्हणाले.

त्याने आणखी एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला. राग इतका होता, की आवाज चढवायची गरजच उरली नाही.

"बाबा, मी वसमतला मुंजाजीजवळ राहायला चाललो. आजच."