कुत्र्यावर बसून आलेली संक्रांत

लेकरानं ताटातली भाजी संपवावी म्हणून आईबाप कोणत्या थराला जातील, याचा नेम नाही. कुणी बागुलबुवाला बोलावतं, कुणी पोलिसाला हाक मारतं. औरंगाबादेत शहागंजाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या वैजनाथरावांनी तर थेट पंचांगालाच कामाला लावलं होतं.

वैजनाथराव तहसील कचेरीत कारकून. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज वाचून आंबून गेलेला माणूस, पण घरी येऊन सात वर्षांच्या शैलाला गोष्टी सांगायला बसला की भान विसरायचा. दर पौषात ते पंचांग उघडून संक्रांतीचं वर्णन वाचत. ती यंदा कशावर बसून येणार, काय नेसणार, कुठून येऊन कुठं पाहणार. छापलेलं संपलं की पदरचं सुरू होई. संक्रांतबाई म्हणे भोगीच्या दिवशी घराघरांत डोकावते आणि भोगीची भाजी कोण टाकतं ते पाहून ठेवते. सगळी भाजी खाणाऱ्या शैलाच्या उशाशी दुसऱ्या दिवशी सकाळी हलव्याची पुडी सापडायची. ती कोण ठेवत असे, हे सांगायला नकोच.

शाळेत मैत्रिणी हसल्या तर पोरीचा विश्वास उडेल, म्हणून त्यांनी एक पुस्तीही जोडली होती. संक्रांत दिसली, भेटली, तरी कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की ती त्याच घरावर येते. सरोजिनीबाईंना हे मुळीच पटत नसे. पण लहान आहे तोवरच ही गंमत, असं म्हणून वैजनाथराव बायकोचं बोलणं हसण्यावारी नेत.

त्या वर्षी पंचांगात संक्रांतीचं वाहन निघालं कुत्रा. माकडाच्या हाती कोलीतच मिळालं म्हणा ना! चार दिवस वैजनाथराव घरभर गुरगुरून दाखवत होते.

सण झाला, तिळगूळ वाटून झाला, पण शैला काही खुलेना. दाराबाहेर पाऊल टाकीना. न्हाणीचं दार लावून ती आपली आपण अंघोळ करू लागली, तेव्हा मुलगी शहाणी झाली म्हणून सरोजिनीबाई सुखावल्या. फ्रॉक नको म्हणून ती दिवसभर सणाचा लांब परकरच नेसून बसे. पोरीचं काहीतरी बिनसलंय हे वैजनाथरावांना दिसत होतं आणि मनाला घोर लागला होता. पण जिभेला पडलेली सवय वाईट. संक्रांतबाई अजून गावातच आहे बरं का, असं ते तिला खुलवायला म्हणाले, तर पोरगी पांढरीफटक पडली.

चौथ्या दिवशी शेजारच्या आवडाबाई तिळगूळ घेऊन आल्या. बाई मूळच्या सोयगावच्या, सरकारी दवाखान्यात आया होत्या. शैलाला लंगडताना पाहून त्यांनी तिला जवळ ओढलं आणि परकर वर केला. पोटरीला जुनी रिबीन गुंडाळलेली. तिच्याखाली हळद थापलेली आणि हळदीखाली दातांच्या खुणा. भोवतीनं लालभडक सूज.

"कुत्रं चावलंय," आवडाबाई म्हणाल्या. "कवा चावलं गं, माय?"

शैलानं ओठ घट्ट मिटून घेतले.

वैजनाथरावांनी धावत येऊन तिचा पाय हातात घेतला. कचेरीतल्या एका शिपायाचा भाऊ कुत्रं चावून गेला होता. पाण्याचा पेला दिसला तरी किंचाळायचा, असं त्यांनी ऐकलं होतं. किती दिवस झाले? कुठलं कुत्रं? पिसाळलेलं तर नव्हतं? त्यांनी विनवलं, रागावले, पुन्हा विनवलं. शेवटी ती रडत कुजबुजली, "बाबा, सांगितलं तर ती आपल्या घरावर येईल. तुम्हीच म्हणाला होतात."

"अगं, ती नाहीच आहे. मी तुला खोटं सांगितलं होतं."

"हळू बोला, बाबा. तिला ऐकू जातं."

आता खरं सांगितलं, तर ते पोरीला खरं वाटेना! वैजनाथरावांनी ट्रंकेतून उरलेला हलवा काढला, तिच्यासमोर कागदात घालून पुडी बांधली आणि तिच्या हातात दिली. शैला बराच वेळ कधी पुडीकडे, कधी बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं सगळं सांगितलं. भोगीच्या दिवशी भाजी खाववेना म्हणून तिनं ती भाकरीत गुंडाळून गिरणीमागच्या कुत्र्याला घातली आणि ते चावलं. संक्रांतीनंच ते धाडलं असणार, अशी तिची खात्री होती. सरोजिनीबाई धावत गिरणीवर जाऊन आल्या. लाळ गाळत फिरणारं ते कुत्रं भोगीपासून कुणाच्या नजरेस पडलं नव्हतं.

आवडाबाई तोवर साबण लावून जखम धूत होत्या. तिच्या आनंदासाठीच मी करत होतो हो, असं वैजनाथराव पुटपुटले.

"भाऊ, गोष्ट सांगाया कोण नाय म्हणतंय? लेकराला गोष्ट लई गोड लागती. पण कुणाला सांगू नको म्हणून तुमी तिचं तोंड बांधलं. तोंड बांधलेलं लेकरू मग दुखणंबी सांगत नसतं. चला, उठा आता."

दवाखान्यात डॉक्टरांनी चार दिवस फुकट घालवल्याबद्दल वैजनाथरावांचा खरपूस समाचार घेतला. अजून आशा आहे, पण आजपासूनच पोटात चौदा इंजेक्शनं द्यावी लागतील, असं सांगितलं. सुई पाहून शैलानं विचारलं, "दुखेल का, बाबा?"

मुळीच नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल, हे शब्द वैजनाथरावांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

"दुखेल, बाळा. आज दुखेल, उद्याही दुखेल. पण याच्याशिवाय तू बरी होणार नाहीस. चौदाही दिवस मी तुझ्यासोबत येईन."

शैलानं त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं आपणहून पोलकं वर केलं.

शैलाला पुढं काही झालं नाही. पण कित्येक महिने ती पाणी पिऊ लागली की वैजनाथरावांचा जीव टांगणीला लागे. गोष्टी ते आजही सांगतात. हे खरं का, असं लेकीनं विचारलं, तर ही गोष्ट आहे म्हणून सांगतात, आणि ती तरीही पुढची गोष्ट मागते.

आईबापहो, सणावारांच्या गोष्टी मुलांना पोटभर सांगा. पण जी गोष्ट टिकवायला मुलाला गप्प बसवावं लागतं, ती गोष्ट नव्हे, ते फसवणं आहे. पडलेल्या, भ्यालेल्या मुलाला धावत यायला आपलं एकच दार असतं. त्या दारावर भीतीचा पहारा बसवू नका.