गप्प न राहणाऱ्या बशा

इन्क्युबेटरच्या मधल्या खणात बारा बशा होत्या. प्रत्येकीच्या तळाशी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचा सारखा थर. पहिल्या चारांत नुसतं क्षारपाणी घालायचं, पुढच्या चारांत संप्रेरक, शेवटच्या चारांत संप्रेरक आणि त्याला अडवणारं औषध. मिलाग्रोसने झाकणांवर आकडे घातले होते. आदल्या दिवशीच तिने पेशींचं खाणं तोडलं होतं, म्हणजे वाढीची दुसरी कुठलीही हाक त्यांच्या कानावर पडायला नको.

तिचा दावा साधा होता. तिचं इवलंसं पेप्टाइड संप्रेरक वाढीच्या ग्राहीला, म्हणजे पेशीवर बसून वाढीचा निरोप झेलणाऱ्या रेणूला, स्वतः हातही लावत नाही. ते शेजारच्या, आपल्या हक्काच्या ग्राहीवर जाऊन बसतं. तो शेजारी पेशीच्या आवरणावरच्या कात्रीसारख्या विकराला कामाला लावतो. कात्री तिथेच बांधून ठेवलेला वाढीचा तुकडा सोडवते, आणि तो तुकडा वाढीच्या ग्राहीला उठवतो. उठलेला ग्राही तपासणीत काळी पट्टी होऊन उमटतो. क्षारपाण्याच्या बशांत ही पट्टी जेमतेम दिसायला हवी.

ती ठळक दिसली. सलग तिसऱ्या प्रयोगात.

सोमवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर नेलिदा निकाल बघणार होत्या. गप्प बशाच बोलायला लागल्या, तर संप्रेरकाने काही केलं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तीन वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं.

आणि कुणाचं भलं होणार होतं, हेही मिलाग्रोसला दिसत होतं. फाब्रिसियोचं. सगळे त्याला फ्लाको म्हणत, इतका तो काटकुळा. त्याचं काम त्याच ग्राहीवर, पण म्हणणं उलटं: या पेशींत ग्राही आपला आपणच जागा असतो, संप्रेरकाचं नाव उगाच घेतात. इन्क्युबेटर दोघांचा एकच. तिने आपल्या खणाच्या दारावर केसाएवढी बारीक चिकटपट्टी लावून ठेवली. गुरुवारी सकाळी ती उचकटलेली होती.

थोड्या वेळाने फाब्रिसियो येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा पोकळ भोपळा घेऊन फिरत आला. एकाच भोपळ्यातून, एकाच नळीने सगळ्यांनी प्यायचं, ही त्यांच्या रोसारियो शहरातल्या प्रत्येक कचेरीची रीत. त्याने भोपळा पुढे केला.

"नको."

"नको? अगं, आत्ताच भरलाय. फेससुद्धा मोडलेला नाही."

"तुझ्या हातचं नको."

फाब्रिसियोने नळी स्वतःच ओढली.

"काय झालं, मिला? विष घातलंय का मी?"

"तेच विचारायचंय. माझा खण का उघडलास?"

"तुझ्या खणाच्या तळाशी पाण्याचा ट्रे असतो, बाईसाहेब. तो भरला नाही तर तुझ्या लाडक्या पेशी वाळून पापड होतील. वर्षभर मीच भरतोय. तुला वाटलं, पाणी स्वर्गातून येतं?"

मिलाग्रोस आपल्या टेबलाकडे वळली. तिला पुरावा हवा होता. पुढच्या प्रयोगात तिने क्षारपाण्याच्या दोन बशांत अडवणारं औषधही घातलं. ते औषध फक्त तिच्या संप्रेरकाची वाट अडवतं. ग्राही खरोखर आपला आपण जागा असता, तर औषधाने फरक पडला नसता. पण त्या दोन बशांतली पट्टी जवळजवळ पुसली गेली. म्हणजे त्या बशांत संप्रेरक होतं. म्हणजे ते कुणीतरी घातलं होतं.

सोमवारी ती कागद घेऊन थेट डॉक्टर नेलिदांकडे गेली आणि नाव घेतलं. नेलिदांनी फाब्रिसियोला बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"ही म्हणते, तू तिच्या बशांत संप्रेरक टाकलंस," नेलिदा म्हणाल्या. "खरं असेल तर आजच सामान आवर."

"मी टाकणार कुठून, डॉक्टर? संप्रेरक हिच्या कुलपात. किल्ली हिच्या गळ्यात. ही अंघोळीलासुद्धा ती काढत नसेल." तो एक पाऊल आत आला. "आणि टाकलंच असतं, तर माझंच म्हणणं खोटं ठरेल असं काहीतरी कशाला टाकेन मी? औषधाने पट्टी गेली ना? मग मी हरलो की."

मिलाग्रोसने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. बाटलीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता, आणि तरी संप्रेरक बशीपर्यंत पोचत होतं. बाटली आणि बशी यांच्यामध्ये फक्त द्रावण भरून न्यायच्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या.

परदेशातून मागवलेलं प्लास्टिक कस्टममध्ये महिनोन्‌महिने अडकायचं, म्हणून एकदा वापरून टाकायच्या नळ्याही इथे धुऊन पुन्हा वापरत. शुक्रवारी दुपारी सगळे मिळून ढीगभर नळ्या धुवायचे आणि त्या एकाच डब्यात जायच्या. कुणाची कुठली, कुणी बघत नसे. वर्षापूर्वी मिलाग्रोसला तो डबा संशयास्पद वाटू लागला होता. कुणी काय भरलं असेल, काय नेम? तेव्हापासून तिने आपल्या नळ्यांना हिरवी चिकटपट्टी लावली. त्या ती स्वतः धुवायची, कुलपात ठेवायची, कुणाला हात लावू देत नसे. वर्षभर तिचं संप्रेरक आणि क्षारपाणी त्याच चाळीस नळ्यांतून फिरत होतं. आणि पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं, धुऊनही पुरतं जात नाही. हे तिने स्वतःच नव्या मुलांना शिकवलं होतं.

"मला एक प्रयोग करू द्या," ती म्हणाली. "नव्या नळ्या आहेत का?"

नेलिदांनी कपाटातून न फोडलेलं पाकीट काढलं.

"मी बाहेर व्हरांड्यात बसतो," फाब्रिसियो म्हणाला. "नाहीतर ही म्हणेल, दुरून फुंकर मारली."

"आत थांब."

"नाही. बाहेरच बरा आहे मी."

तो गेला. तिने पेशींचं खाणं तोडलं. दुसऱ्या दिवशी हिरव्या पट्टीच्या एका नळीत नुसतं क्षारपाणी भरलं, नव्या नळीतही तेच भरलं. दुसऱ्या नव्या नळीत संप्रेरक घेतलं. प्रत्येक नळीतून तीन बशा. मग पट्ट्या उमटवल्या आणि यंत्राने त्यांचा काळेपणा मोजला.

नव्या नळीतलं क्षारपाणी एक धरलं. हिरव्या पट्टीच्या नळीतलं क्षारपाणी ३.४. नव्या नळीतलं संप्रेरक ४.१. फाब्रिसियोने काही टाकलं नव्हतं; तिने स्वतः जपलेल्या नळ्यांतूनच संप्रेरक बशांत उतरत होतं, आणि तिचा दावाही खरा होता.