मोज्यातला तेरडा

मित्रांनो, जरा हात आवरा! माझं बोंड पिकलंय. नुसतं बोट लागलं तरी फटकन फुटेल आणि बिया पार कुंपणापलीकडे जातील. मी एक रानतेरडा आहे. एका जागी गप्प बसणं आमच्या घराण्यातच नाही!

माझा जन्म एका घरामागच्या ओलसर उतारावर झाला. सकाळी ऊन, दुपारी सावली, आणि पाणी कितीही आलं तरी न साचता वाहून जायचं. मला आणखी काय हवं? माझा देठ रसाळ, पानांच्या कडा करवतीसारख्या, आणि प्रत्येक गुलाबी फुलामागे एक वाकडी शेपटी. त्या शेपटीत मध. तो प्यायला मधमाश्या अशा आत घुसत, की बाहेर फक्त त्यांची बुडं दिसत! माणसं मात्र मला नावं ठेवत. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणत. फार लागायचं मला ते.

त्या घरात एक मुलगी होती. कशातच टिकायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. विणकाम अर्धं, चित्रं अर्धी, बासरी तर पहिल्या फुंकरीलाच सोडलेली. तिचा काका गवंडी होता. एकदा त्याने माझ्या उतारावर दोरी ताणली.

“सोमवारी इथे पाया खणायचा. पाणी घरात शिरतंय, भिंत हवीच.”

“आणि माझा तेरडा?”

“तुझा कधीपासून झाला गं?”

“आत्तापासून! मी त्याचं बी धरणार.”

“धर की! तेरड्याचा रंग तीन दिवस आणि भिंगरीचा छंद दोन!”

भिंगरीने रागाने माझं सगळ्यात टपोरं बोंड चिमटीत धरलं. फट्! बिया दगडगोट्यांत गडप. एक तर काकाच्या चहात पडली.

“झालं! आता माझ्या पोटात तेरडा उगवणार!” काका हसत सुटला.

भिंगरीने हिरवं बोंड उघडून पाहिलं. आत बी पांढरं, कोवळं. तिचे डोळे भरले. तेवढ्यात बाळाला कडेवर घेऊन आई आली. “कच्चं तोडलंस तर रुजत नाही, पिकलेलं धरलंस तर हाती राहत नाही. असं कर, हा मोजा घाल. आता होत नाही.”

“बाळाला?”

“बाळाला होत नाही, म्हणून तर तेरड्याला घाल, वेडे!”

काय सांगू मित्रांनो! माझ्या फांदीवर, बोंडांसकट, लोकरीचा पिवळा मोजा, दोऱ्याने हलकेच बांधलेला! मी वाऱ्यावर मिरवत होतो. पण सोमवार उजाडला, तरी एकही बोंड फुटलं नव्हतं. काकाची कुदळ आली.

भिंगरी माझ्यापुढे उभी. “काका, हा कोपरा सगळ्यात शेवटी!”

“अजून इथेच तू?” काकाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि दुसऱ्या टोकापासून खणायला घेतलं.

ऊन चढलं. मी तापलो. आणि आत फट्! मोजा टुणकन उसळला!

“काका, मोजा हलला!”

काका कुदळ टाकून धावत आला. पुन्हा टुण! “अगं, अजून एक! थांब, थांब, ते बघ!” आता काकाच उड्या मारायला लागला.

संध्याकाळी माझं झाड उपटलं गेलं. पण हळहळू नका. आमच्यात आई नि लेकरू वेगळं नसतं. मोज्यातलं बी तेही मीच!

भिंगरीने फुटक्या बादलीला भोकं पाडली, मातीत वाळू मिसळली, मला वरवरच पेरलं आणि रोज पाणी शिंपडत राहिली. मी रुजलो, वाढलो, फुललो. मग तिने माझ्या पाकळ्या चिमूटभर तुरटीबरोबर वाटून मेंदीसारख्या नखांवर बांधल्या. काकानेही गुपचूप करंगळी पुढे केली.

तीन दिवस झाले. आणखी तीन झाले. चुन्या-मातीत हात घालूनही करंगळी लालच!

“ही म्हण कुणी केली गं?” काका नखाकडे बघत पुटपुटला.

मित्रांनो, रानात मी दिसलो तर मुळासकट ओढू नका. एखाद्या फांदीला मोजा घाला, बाकीची बोंडं उडू द्या. आणि कुणाचा रंग किती दिवसांचा, हे ठरवायची घाई करू नका.

आता मागे सरका बघू. हे बोंड... फट्!